पाव्हण्याची साईज

पोटातली गाठ डॉक्टर काढतात, बाटलीत घालतात आणि तपासायला पाठवून देतात. ती निघेपर्यंत घरात जे किस्से वाढतात, त्यांना मात्र कुणी भूल देत नाही की टाके घालत नाही. ते वाढतच राहतात. मागच्या वर्षी माझ्या जठराचं ऑपरेशन झालं. आता स्टाफरूममध्ये कुणी नुसतं 'ॲसिडिटी झालीय' म्हटलं, तरी बाकीचे खुर्च्या माझ्याकडं वळवून बसतात. "सांगा मॅडम, तो सासूबाईंचा!"

सांगते. पण ऐकताना एक लक्षात ठेवा, सांगणारी बाई संशयी आहे. गॅस बंद केला का, हे मी दोनदा बघते. आणि दोनदा बघितलं का, हे तिसऱ्यांदा. त्यात माझी अनू तेव्हा चार वर्षांची. चार वर्षांच्या पोरीची आई तशीही रिकाम्या पाळण्याकडे बघून दचकणारी. इथं तर पोटात खरंच काहीतरी निघालं होतं.

०

सुरुवात चकरेनं झाली. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता फळाच फिरायला लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पार तळाला! वर मळमळ.

सासूबाईंना मी मामी म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. त्या लोह्याला असतात. चक्कर आणि मळमळ हे दोन शब्द फोनवर ऐकले मात्र, दुसऱ्या दिवशी एसटीनं हजर. पिशवीत चिंच!

"मामी, चिंच कशाला?"

"ऱ्हाऊ दे घरात. लागती."

"तसं काही नाहीये हो मामी."

"हाव हाव. सुरुवातीला कुणीच सांगत न्हाई."

दिवसभर त्या माझ्या पोटाकडं बघायच्या आणि मी बघितलं की पंख्याकडं.

डॉक्टरांना वेगळाच संशय. हे रक्त जातंय कुठं? बहुतेक पोटातल्या पोटात जातंय, दुर्बीण घालून बघू म्हणाले. बघितलं. आमचे हे बाहेर उभे होते. हे विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपला इन्स्ट्रक्टर आहेत. खोटं बोलता येत नाही आणि खरं नीट सांगता येत नाही, असा माणूस. त्यांनी घरी फोन लावला.

"आई, हिच्या पोटात काहीतरी दिसलंय."

"म्या म्हणलंच हुतं!" मामींचा आवाज कॉरिडॉरभर गेला. "एकच हाय न्हवं? का जुळं?"

आणि हे म्हणाले, "एकच आहे."

झालं! संध्याकाळपर्यंत लोह्यातल्या अर्ध्या बायकांना बातमी पोचली होती.

०

माझं माहेर लातूरचं. ऑपरेशन तिथंच करायचं ठरलं, म्हणजे आईचं घर जवळ. तिथल्या सर्जननी सीटी स्कॅन उजेडावर धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "जिस्ट वाटतंय."

आता मी कोण? वर्षभर पोरांकडून उताऱ्याचा जिस्ट लिहून घेणारी बाई. 'सारांश लिहा, फाफटपसारा नको' असं ओरडून घसा बसलेली. मला वाटलं, हा माणूस थोडक्यात उरकतोय. का उरकतोय? काहीतरी लपवतोय!

मी खुर्चीत सरळ बसले. "सर, जिस्ट नको. सविस्तर सांगा."

त्यांनी स्कॅन खाली ठेवला. "मॅडम, गाठीचंच नाव आहे ते. जी, आय, एस, टी."

मग त्यांनी सविस्तर सांगितलं. ही गाठ जठराच्या आतल्या अस्तरातून येत नाही, भिंतीच्या जाडीतून येते.

"म्हणजे कॅन्सर?"

"त्याच्या नात्यातली म्हणा. पण सगळ्या सारख्या वागत नाहीत. काही वर्षानुवर्षं एका जागी गप्प बसतात, काही पसरतात. आपली कोणत्या स्वभावाची, ते ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच कळेल."

"तुम्हाला काय वाटतं?"

"चांगली वाटतेय."

वाटतेय! मी व्याकरण शिकवते हो. 'आहे' आणि 'वाटतेय' यांच्यामध्ये किती रान पसरलेलं असतं, ते मला विचारा. त्या रानात माझी अनू दप्तर घेऊन एकटी चाललेली मला तिथंच, डॉक्टरांच्या टेबलापलीकडं दिसायला लागली.

आमचे हे सगळं शांतपणे ऐकून घेत होते. मान हलवत होते. मला धीर आला, चला, एकानं तरी नीट ऐकलंय.

जिन्यात म्हणाले, "हं. आता जरा थोडक्यात सांग."

०

पुढच्या वेळी मामीही सोबत. चिंचेचा विषय आता कुणी काढत नव्हतं.

मी घरी विचार करून करून एक मुद्दा शोधून काढला होता. नांदेडला दुर्बिणीतून जो तुकडा घेतला, तो तर नॉर्मल आला होता! मग पोट कापायचं कशाला? मी तो मुद्दा वकिलासारखा टेबलावर ठेवला.

डॉक्टर म्हणाले, "दुर्बीण आतून जाते. तिच्या चिमट्याला अस्तर लागलं, अस्तराचा तुकडा आला. अस्तर चांगलंच आहे. गाठ त्याच्या मागं, भिंतीत आहे."

"म्हंजी गिलावा खरवडून नेला," मामी म्हणाल्या, "आन् ईट तपासलीच न्हाई!"

"अगदी बरोबर!" डॉक्टर एवढे खूश झाले की मला वाटलं, आता यांचंच जमणार, मी उठून जावं.

पण मामींचं समाधान इतक्यात होत नसतं. "मंग आता इटंचा उलिसा तुकडा काढून बघा की."

"सुई घालून काढता येतो. पण ही काढायचीच आहे, आणि फोडायची नाही. वरचं आवरण फाटलं तर आतल्या पेशी पोटात सांडतात. म्हणून अख्खी काढायची, भोवतीची थोडी भिंत घेऊन."

"आन् भिंतीला भगदाड पडंल त्याचं?"

"स्टेपलर मारतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "स्टेपलर? उत्तरपत्रिकांना पुरवणी जोडतो तो?"

"त्याच्याच घराण्यातला. कापतोही आणि शिवतोही."

इथं आमचे हे पहिल्यांदा जागे झाले. "सर, पिना कोणत्या मेटलच्या?"

"टायटॅनियम."

ह्यांचा चेहरा असा उजळला, की लग्नात माळ घालताना उजळला नव्हता. माझ्याकडं वळून म्हणाले, "एक नंबर मटेरियल! गंजत नाही." जणू माझ्या पोटाला नवीन बंपर बसत होता.

"त्या पिना आतच ऱ्हाणार?" मामींचे डोळे बारीक झाले. "इमानतळावर वाजतील की!"

आमच्या घरातलं अजून कुणी विमानात बसलेलं नाही. पण प्रश्न प्रश्न असतो. डॉक्टर म्हणाले, वाजणार नाहीत.

आम्ही खाली उतरलो. पायऱ्यांवर हे एकदम थांबले. "चष्मा आत राहिला वाटतं. आलोच." आणि परत वर गेले.

ह्यांना चष्माच नाही!

०

"आत काय विचारलंत?" मी गाडीत बसल्या बसल्या पकडलं.

"ग्रेड."

"कसली ग्रेड?"

"टायटॅनियमची."

आता यावर कोण विश्वास ठेवणार? मी नाही ठेवला. तेव्हापासून माझं पूर्ण लक्ष आजूबाजूच्या लोकांवर. पुरावे भराभर मिळायला लागले.

पहिला पुरावा प्राचार्यांचा. आमचे प्राचार्य म्हणजे सख्ख्या बहिणीच्या लग्नाला अर्धा दिवस रजा देऊन 'दुपारच्या तासाला या' म्हणणारे. त्यांनी माझं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, हवी तेवढी रजा घ्या. काळजी करू नका."

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "माझं काही खरं नाही."

दुसरा पुरावा त्याहून वाईट. एके सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर हॉलमध्ये हे मांडी घालून बसलेले, पुढ्यात अनू, बाजूला पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. मोबाईलमध्ये कुणीतरी बाई वेणी घालायला शिकवत होती!

माझ्या पोटात गाठ होती त्याच्या जरा वरच कुठंतरी काहीतरी तुटलं.

"हे कशाला शिकताय?"

"तू लातूरला असशील तेव्हा हिची शाळा बुडवायची का?"

उत्तर बरोबर होतं. एवढं बरोबर, की आधीच तयार करून ठेवल्यासारखं. मी दारात उभी राहून बघत होते. तीन पेड, एकाखाली एक, प्रत्येक पेडाला वर्कशॉपमधला पीळ. नट आवळावा तशी वेणी आवळत आणली, खाली रबर लावलं, आणि स्वतःच्याच कामाकडं मान वाकडी करून बघितलं.

मला रडू येणार, तेवढ्यात अनू म्हणाली, "पप्पा, छान आहे. पण माझे डोळे मिटत नाहीयेत!"

०

ऑपरेशनच्या आधी मी लातूरला आईकडं जाऊन राहिले. मामी नांदेडला अनूजवळ. दोघी विहिणींचं आयुष्यात कधी पटलं नाही. माझ्या लग्नातल्या वरणात मीठ कमी होतं, इथपासून वाद आहे. आणि आता? दिवसातून तीन-तीनदा फोन! मी खोलीत पाऊल टाकलं की आई म्हणणार, "बरं, ठिवते मग."

आता बघा, डॉक्टरांनी सगळं मला तोंडावर सांगितलेलं. मामी त्याच खोलीत, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या. तरी कुजबुज! म्हणजे मला माहीत आहे त्याच्यावर काहीतरी जास्तीचं यांना माहीत असणार. असणारच. त्याशिवाय माणसं एवढा आवाज कमी करत नाहीत.

मी कान लावून बसायला लागले. ऐकू यायचं ते असं:

"हाव, पाव्हणे हायतच की अजून... न्हाई, बुधवारी निघणारेत म्हणे... त्रास? तसा त्रास न्हाई पाव्हण्यांचा."

"आई, कोण पाव्हणे?"

"तुझ्या सासूकडं आल्यात कोणी. तू कशाला काळजी करलालीस? दूध पी."

मला मामींची दया आली. लहान पोरगी सांभाळायची, वर हे पाव्हणे! बिचाऱ्यांना आताच यायचं होतं?

मग एकदा दुपारी आई भाकरी थापत होती. दोन्ही हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर टाकून डब्याला टेकवलेला. मी पाण्याचा ग्लास घेऊन दारात पोचले आणि मामींचा आवाज आला,

"पाव्हण्याची साईज काय म्हणले डॉक्टर?"

आईचे हात परातीत थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. फोन बंद करायला हात पुढं केला, पण पीठ! फोनला पीठ लागेल म्हणून मागं घेतला. मामी तिकडं चालूच,

"आन् एकटाच हाय न्हवं? का आजूबाजूला बिऱ्हाड केलंय?"

मी ग्लास ओट्यावर ठेवला आणि फोनपाशी वाकले. "एकटाच आहे, मामी. साडेचार सेंटीमीटर."

"...कोण बोललं?"

"मीच."

"बरं हाय का? जेवलीस का?"

"हो. जेवले."

"बरं बरं."

मग एकदम खालच्या आवाजात, स्पीकरवरच, "इहीनबाई... तिला संशय तर न्हाई ना आला?"

०

दवाखान्यात भरती झाल्यावर भूलतज्ज्ञ आले. तरुण, घाईतले. पहिला प्रश्न, "एखादा दात हलतो का?"

मी ह्यांच्याकडं बघितलं.

"खोटा दात? कवळी? तोंड पूर्ण उघडा बघू. मान मागं करा."

मामी आदल्या दिवशी अनूला घेऊन लातूरला आल्या होत्या. त्या कोपऱ्यातून उठल्या. "पोटाचं काम सोडून हे तोंडात कामून शिरून राह्यले?"

भूलतज्ज्ञांनी समजावलं. भूल दिल्यावर श्वासासाठी नळी तोंडातून घालावी लागते, हलणारा दात असला तर निसटून आत जातो. मामींनी ऐकून घेतलं. ते गेल्यावर माझ्या जवळ येऊन म्हणाल्या, "दात मोजून ठिव."

ऑपरेशन थिएटरात नेलं. वर एवढे दिवे, की माझे सगळे संशय लख्ख दिसावेत. आईकडं कोण आहे, अनू उठली असेल का, उठल्यावर मी दिसले नाही तर काय करेल? तिला मी काय सांगून आले होते? 'पोटातला खडा काढून येते.' तिनं विचारलं होतं, "तू खडा का खाल्लास?"

भूलतज्ज्ञ डोक्याशी आले. "मॅडम, आता काहीतरी छान आठवा."

आणि मला एकदम आठवलं. आईच्या स्वयंपाकघरातून शेवटी मीच बाहेर पडले होते. दूध तापवून!

"सर, एक मिनिट," मी मास्कच्या आतून म्हटलं, "गॅस..."

"आम्ही आता चालू करतोय, मॅडम!"

०

आमच्याकडं एक रीत आहे. पोटातून जे काढलं ते सर्जन बाहेर येऊन घरच्यांना दाखवतात. म्हणजे काम झालं, याची खात्री. पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीनंच ऑपरेशन झालं होतं. गाठ आतल्या आत पिशवीत भरून, त्या पिशवीसकट बाहेर काढली होती. ती ट्रेमध्ये घेऊन डॉक्टर दारात आले. पुढचं मला ह्यांनी सांगितलं.

आईनं डोळे मिटून घेतले आणि दोन बोटांच्या फटीतून बघितलं. हे वाकून बघायला लागले. मामी पुढं झाल्या. ट्रेकडं बघितलं. डॉक्टरांकडं बघितलं. पुन्हा ट्रेकडं.

"हिचीच कशावरून?"

डॉक्टरांनी वळून बंद दाराकडं बोट दाखवलं. "आजी, आत आत्ता दुसरं कुणीच नाही."

"बरं." मामींनी तेवढ्यापुरतं मान्य केलं. "फुटली तर न्हाई न्हवं?"

"अख्खी निघाली."

शुद्धीवर आल्यावर मी तपास हाती घेतला. पोट दुखत होतं, पण तिघांची साक्ष वेगवेगळी घ्यायची, हे मला भूल दिलेली असतानाही कळलं असतं.

आई म्हणाली, "काही न्हाई गं, बोराएवढी."

हे म्हणाले, "ट्रकच्या चाकाचा नट असतो ना? तेवढी."

मामी म्हणाल्या, "नारळ!"

"मामी! नारळ?"

"शेंडीसकट."

"अहो, नारळ मावेल का माझ्या पोटात?"

"म्हणून तर चक्कर येत हुती!"

त्या माझ्या अंगावरची चादर नीट करत होत्या. मग जवळ वाकून म्हणाल्या, "येडी हायस. बारकी सांगितली की जिवाला वाटतं, उरलेली आतच हाय. मोठी सांगितली की समदी निघाली."

०

आता हा शेवटचा.

टाके सुकले, मी भात-वरणावर आले, आणि गाठीच्या तपासणीचा निकाल घ्यायला आम्ही पुन्हा लातूरला गेलो. हे, मामी, अनू, मी. दवाखान्यात आई येऊन थांबलेली. आज कळणार होतं, गाठ गप्प बसणाऱ्यातली का पसरणाऱ्यातली.

मी जाहीर केलं, "आत मी एकटी जाणार."

"कामून?" मामी.

"माझी गाठ आहे, म्हणून."

खरं कारण वेगळं होतं. हे सोबत आले असते तर डॉक्टरांनी माझ्याकडं बघून एक सांगितलं असतं आणि ह्यांच्याकडं बघून दुसरं. मला मधली नजर नको होती.

डॉक्टरांनी सांगितलं. पेशींची वाढ अगदी मंद. कडा स्वच्छ. गाठ न फुटता पूर्ण निघालेली. गोळ्यांची गरज नाही. ठरलेल्या मुदतीनं सीटी करून बघत राहायचं, एवढंच.

"लो रिस्क आहे, मॅडम. निवांत जा."

"लो म्हणजे 'धोका नाही' असं नाही ना?"

ते हसले. "नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. यापेक्षा चांगलं आम्ही कुणालाच सांगत नाही."

मी तिथं बसून घटकाभर रडले, तोंड धुतलं आणि बाहेर आले. तिघंही उभी राहिली.

"सगळं चांगलं आहे!" मी म्हटलं. "काही नाही!"

आई म्हणाली, "मग डोळे का लाल झालेत?"

हे म्हणाले, "एवढा वेळ का लागला?"

"अहो, खरंच! लो रिस्क म्हणाले. गोळीसुद्धा नाही."

"गोळीसुद्धा न्हाई?" आई मटकन खाली बसली. "म्हंजे आता गोळीचा पण उपयोग न्हाई म्हणले का गं?"

मामी तडक डॉक्टरांच्या दाराकडं गेल्या. आत दुसरा पेशंट होता. त्यांनी दार लोटलं, आत गेल्या, दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तू म्हणलीस तेच."

"मग झालं तर!"

"तूच पढवून ठिवलंस त्याला. न्हाईतर एकटी कामून गेलतीस आत?"

इतके महिने मी जो विचार करत होते, तोच माझ्यासमोर उभा राहून मला उलट विचारत होता.

आईला घरी सोडलं आणि आम्ही नांदेडच्या रस्त्याला लागलो. हे गाडी चालवत होते. मागं मी आणि मामी, अनू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. मामी खिडकीबाहेर बघत होत्या. अहमदपूर आलं. मग ह्यांना म्हणाल्या, "थांबीव. चहा आण."

हे उतरून टपरीकडं गेले. दार बंद झाल्याबरोबर मामी माझ्याकडं वळल्या.

"लेकीच्या डोक्यावर हात ठिव. आन् म्हण, काही न्हाई म्हणून."

माझा शपथांवर विश्वास नाही. वर्गात पोरं उठसूट 'आईशप्पथ' म्हणतात तेव्हा मी त्यांना बाकावर उभं करते. आणि सांगायचं ते खरंच होतं, डॉक्टरांनी स्वतः सांगितलेलं. अडचण काहीच नव्हती.

मी हात उचलला. अनूच्या केसांपर्यंत नेला. तिचा भांग वाकडा पडला होता, ह्यांनी घातलेली वेणी. लो, म्हणाले होते डॉक्टर. लो.

हात तिथंच राहिला. खाली जाईना.

मामींनी बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, 'बघ, म्या म्हणलंच हुतं.' पण त्यांनी माझं मनगट धरलं, हात अनूवरून बाजूला ओढला आणि स्वतःच्या डोक्यावर नेऊन ठेवला.

"लेकराच्या नको. माझ्या डोक्यावर म्हण."

"मामी, अहो..."

"म्हण."

मी म्हटलं, "काही नाही, मामी. सगळी निघाली."

हात अजून डोक्यावरच होता. मग मान हलवून म्हणाल्या, "पदरावरून शपथ लागत न्हाई."

त्यांनी बाहेर बघितलं. हे टपरीवर आमच्याकडं पाठ करून उभे होते. लग्न झाल्यापासून मामींचं उघडं डोकं मी कधीच बघितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी पदर मागं सारला. विरळ, पांढरे केस होते, मधोमध रुंद झालेला भांग.

मान माझ्याकडं वाकवून म्हणाल्या, "हं. आता ठिव."